स्मृती, काळ आणि दोन टोकांचे मन
(द्वितीय वर्ष, कला)

मानसशास्त्राच्या तासाला 'स्मृती' हे प्रकरण शिकत असताना फळ्यावर एबिंगहाउस या जर्मन संशोधकाचा विस्मरणाचा वक्र काढण्यात आला. त्याने स्वतःलाच प्रयोगपात्र करून निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या आणि त्या किती वेगाने विसरतात हे मोजले. १८८५ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिल्या काही तासांत विस्मरण झपाट्याने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो, हा त्यातील निष्कर्ष आपणा सर्वांना परीक्षेपुरता पाठ आहे. पण वही बंद करताना माझ्या मनात एक शंका आली. या वक्रात असे गृहीत धरले आहे की, जे विसरले ते आधी मनात नीट नोंदले गेले होते. ज्याच्या मनात मुळात नोंदच झाली नाही, किंवा अर्धीमुर्धी झाली, त्याचा वक्र कसा काढणार?

शंका यायला कारण घरचेच होते. माझे थोरले मामा शिंपी आहेत. त्यांना द्विध्रुवीय मनोविकार आहे. त्यांच्याविषयी लिहिण्यास त्यांनी संमती दिली आहे. गावाचे नाव घालायचे नाही एवढी एकच अट त्यांनी घातली, ती मी पाळली आहे.

या विकाराची ओळख नवी नाही. १८५४ साली फ्रान्समध्ये फालरे याने 'वर्तुळाकार वेड' या नावाने त्याचे वर्णन केले. एकच व्यक्ती आलटून पालटून उन्माद आणि विषाद या दोन अवस्थांतून जाते, हे त्याच्या लक्षात आले होते. १८९९ साली क्रेपेलिन याने उन्माद-विषाद हा एक स्वतंत्र गट मानून तो इतर गंभीर मनोविकारांपासून वेगळा काढला. १९५७ मध्ये कार्ल लिओनहार्डने एकाच टोकाचे आणि दोन टोकांचे असे विकार वेगळे केले. १९८० सालच्या अमेरिकन वर्गीकरणात 'बायपोलर' हा शब्द अधिकृतपणे आला आणि तोच आता आपल्याकडील डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही दिसतो. सकाळी हसणे आणि संध्याकाळी रुसणे म्हणजे हा विकार नव्हे. उन्मादाची अवस्था निदान आठवडाभर टिकते. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा म्हणून नसतो. बोलणे थांबत नाही, पैसा हातात राहत नाही, कोणतेही काम अशक्य वाटत नाही. विषादाची अवस्था त्याहून लांबते, कित्येकदा महिनोन् महिने.

मामांच्या बाबतीत घडले ते असे. एका उन्हाळ्यात ऐन लग्नसराईत त्यांचे मशीन रात्रभर चालू राहू लागले. घरच्यांना वाटले, हंगाम आहे, कामाचा माणूस आहे. पुढे ते येईल त्याचे कापड घेऊ लागले, कापडाला चिठ्ठी न लावता. माप-वहीत मापे लिहिली, पण नावे लिहिली नाहीत. एरवी कापड बेतण्याआधी दोनदा विचार करणारा माणूस गठ्ठेच्या गठ्ठे बेतून मोकळा होत होता. पुढे दवाखाना झाला, औषध सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत विषादाने घेरले. त्यातून ते सावरले तेव्हा दुकानात कोणाकोणाची कापडे पडली होती, हे त्यांना सांगता येईना. काही ब्लाउजपीस तर आपण कधी हातात घेतले होते हेच त्यांना आठवत नव्हते. लोक म्हणाले, "कापड खाल्लं आणि आता सोंग करतोय." सोयीस्कर विसर, हा शब्द मी त्या महिन्यात अनेकांच्या तोंडून ऐकला. तो खरा की खोटा, हे समजून घेण्यासाठी मी जे वाचले, त्यातून हा लेख झाला.

स्मृतीचे तीन टप्पे आपण शिकतो : नोंद, साठवण आणि पुनःस्मरण. उन्मादात पहिला टप्पाच डळमळतो. अवधान एका वस्तूवर क्षणभरही ठरत नाही. गिऱ्हाईक नाव सांगत असते तेव्हा मन रस्त्यावरच्या गाडीकडे, तिथून कालच्या भांडणाकडे आणि तिथून मुंबईला दुकान काढण्याच्या बेताकडे गेलेले असते. नाव कानावर पडते, पण आत शिरत नाही. दुसऱ्या टप्प्याची गोष्ट अशी की, दिवसभराच्या नोंदी पक्क्या होण्याचे बरेच काम झोपेत होते. आठवडेच्या आठवडे जो दोन तास झोपतो त्याच्या नोंदी कच्च्याच राहतात. तेव्हा नंतर "आठवत नाही" म्हणणारा माणूस दरवेळी काही दडवत असतो असे नाही. दडवायला मुळात हाताशी काही असावे लागते.

तिसऱ्या टप्प्याविषयी एक मनोरंजक प्रयोग आहे. वाइनगार्टनर, मिलर आणि मर्फी या तिघांनी १९७७ साली, ज्यांची अवस्था सतत पालटते अशा रुग्णांकडून काही शब्दांवरून सुचणारे दुसरे शब्द मिळवले आणि काही दिवसांनी तेच शब्द आठवायला सांगितले. पहिल्या वेळी होती तीच मनःस्थिती दुसऱ्या वेळीही असेल, तर शब्द अधिक आठवत. ती पालटली असेल तर कमी. म्हणजे उन्मादात ठेवलेली वस्तू उन्मादाच्याच किल्लीने अधिक सहज उघडते. पुढील प्रयोगांत हा परिणाम दरवेळी इतका ठळक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी मामांच्या घरी एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. बरे असताना त्यांना न आठवलेली एका गिऱ्हाइकाची गोष्ट, पुढे थोडा उन्माद चढल्यावर त्यांनी हातवारे करून तपशीलवार सांगितली. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही, पण मला तो प्रयोग त्या दिवशी कळला.

विषादातील विस्मरण वेगळ्या जातीचे असते. १९८६ मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तींना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातील एक विशिष्ट प्रसंग सांगण्यास सांगितले. या व्यक्ती प्रसंगाऐवजी सर्वसाधारण विधाने करीत. 'आनंद' म्हटल्यावर अमुक दिवशी अमुक ठिकाणी घडलेली गोष्ट न येता, "लहानपणी बरं वाटायचं" असे उत्तर येई. टल्विंगने १९७२ साली प्रसंगांची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती असा भेद केला होता. त्यातील पहिलीच येथे धूसर होते. मामांना तेव्हा शिवणाचे सर्व ज्ञान होते. बाहीचा गोल कसा काढावा हे त्यांनी मला अंथरुणावरून सांगितले होते. पण स्वतःच्या मुलीच्या बारशाचा एकही क्षण त्यांना डोळ्यांसमोर आणता येत नव्हता. "झालं असेल," एवढेच ते म्हणत.

दोन्ही अवस्था ओसरल्यावर तरी सर्व पूर्ववत होते का? अनेक रुग्णांच्या बाबतीत पुरते होत नाही. मन स्थिर असतानाही शब्दांची यादी लक्षात ठेवणे, अवधान टिकवणे, कामाची आखणी करणे यांत थोडी उणीव राहते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. सर्वांत राहते असे नाही आणि सारखी राहते असेही नाही. उन्मादाचे झटके किती आले, झोप कशी आहे, दारू आहे का, अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात.

लोक मात्र सर्व दोष गोळ्यांवर टाकतात. लिथियमचा उन्मादावर उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड याने १९४९ साली दाखवले. त्या औषधाने विचार मंदावल्यासारखा वाटतो, शब्द लवकर सुचत नाही, अशी तक्रार काही रुग्ण करतात आणि ती खोटी नसते. त्याचे रक्तातील प्रमाण वाढले तर धोका असतो. थायरॉइड ग्रंथी मंदावली तर त्यानेही विसराळूपणा येतो. पण या दोन्ही गोष्टी रक्त तपासून कळतात आणि त्यांवर उपाय आहे. विजेच्या उपचारांनंतर त्या आसपासच्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, हेही खरे आहे. (भूल न देता हे उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी केली आहे, चित्रपटांतील दृश्ये पाहून मत बनवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.) आठवण परत यावी म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या एकदम थांबवल्या, तर बहुधा पुढचा झटका लवकर येतो आणि तोही आपल्या वाट्याच्या आठवणी घेऊन जातो. मामांनी हे एकदा करून पाहिले आहे.

आता काळाविषयी. विल्यम जेम्सने १८९० सालीच एक गंमत नोंदवली होती. घटनांनी भरलेला काळ जाताना लहान वाटतो आणि मागे वळून पाहताना मोठा. रिकामा काळ जाताना लांबतो आणि आठवताना आक्रसतो. परीक्षेच्या तीन तासांचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा अनुभव आपण सर्वांनीच घेतला आहे. विषादातील माणसाचा दिवस संपता संपत नाही. तो घड्याळ चुकीचे वाचतो असे मात्र नव्हे. २०१५ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा असे दिसले की, विषादग्रस्तांना काळ संथ वाहतो असे वाटते खरे, परंतु अमुक इतका वेळ गेला हा अंदाज करण्यात ते इतरांपेक्षा विशेष चुकत नाहीत. घड्याळ ठीक चालते, काळाचा प्रवाह तेवढा साकळतो. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटला.

मिंकोव्स्की या मनोवैद्याने एका विषादग्रस्त रुग्णासोबत दोन महिने राहून त्याचे निरीक्षण केले आणि १९२३ साली ते प्रसिद्ध केले. आज रात्री आपल्याला भयंकर शिक्षा होणार, असे त्या रुग्णास रोज वाटे. रात्र सुखरूप जाई, पण दुसऱ्या दिवशी भीती तशीच. काल काही झाले नाही, यावरून आज काही होणार नाही, असे त्याला म्हणता येत नसे. प्रत्येक दिवस सुटा पडलेला आणि पुढचा रस्ता बंद. भविष्यकाळ बंद झाला की भूतकाळातूनही काही शिकता येत नाही, असा अर्थ मी त्यातून घेतला.

सर्वांत बोलके उदाहरण क्लिफर्ड बीअर्स या अमेरिकन पदवीधराचे. १९०० साली त्याने खिडकीतून उडी टाकली, पण तो वाचला. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तो विषादात आणि संशयात होता. भेटायला येणारे आपले नातेवाईक तोतये आहेत आणि वर्तमानपत्रे केवळ आपल्याला फसवण्यासाठी छापली जातात, असे त्यास वाटे. म्हणजे आजची तारीख सांगणारा कागदसुद्धा त्याच्या लेखी खोटा! १९०२ च्या ऑगस्टमध्ये त्याने कसोटी म्हणून लिहिलेले पत्र हातात घेऊन भाऊ समोर आला आणि एका क्षणात सारा संशय उडाला. विषादाचे एकूण दिवस त्याने नंतर मोजले आहेत : ७९८. लगेच उन्माद सुरू झाला. वेष्टणाच्या कागदाच्या पट्ट्यांवर तो वीस-तीस फूट लांबीची पत्रे लिहू लागला. ताशी सुमारे बारा फूट हा त्याचा वेग त्याने स्वतःच नोंदवला आहे. १९०८ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्यातून अमेरिकेत मनोरुग्णांच्या स्थितीविषयी मोठी चळवळ उभी राहिली. त्याला एवढे सारे आठवत होते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. हा विकार सगळ्यांची सारखीच पाटी पुसतो असे नाही.

मामांचे हिशेब मात्र चुकतात. उन्माद किती दिवस होता असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "आठ-दहा दिवस." विषादाविषयी विचारल्यावर म्हणाले, "दोन वर्षं तरी." मामींनी पिशवीतून भिंतीवरचे कॅलेंडर काढले. दुधाचा हिशेब त्या रोज त्यावर लिहितात. त्याच चौकोनात, मामा झोपले नाहीत त्या रात्री त्यांनी बारीक फुली केली होती आणि जेवले नाहीत त्या दिवशी टिंब. कोणी सांगितले म्हणून नव्हे. कोणाला सांगता येत नव्हते म्हणून. फुल्या मोजल्या तेव्हा उन्मादाच्या एकेचाळीस रात्री निघाल्या. टिंबे पाच महिन्यांची होती. डॉक्टरांनी ते कॅलेंडर बराच वेळ पाहिले आणि पुढेही असेच करीत जा म्हणून सांगितले. क्रेपेलिन आपल्या रुग्णांच्या अवस्थांचे वर्षानुवर्षांचे तक्ते मांडीत असे आणि आजही असे तक्ते उपचारात वापरले जातात, हे मी पुढे वाचले. मामींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे.

झोपेची, जेवणाची, कामाची वेळ ठरलेली असावी यावर भर देणारी एक उपचारपद्धती एलन फ्रँक या विदुषीने अमेरिकेत विकसित केली. मामांच्या दुकानात ती कोणी नेली नाही, पण रात्री नऊला मशीनवर आच्छादन पडते ते पडतेच. प्रत्येक कापडाला नाव, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावलेली असते. मालक न सापडलेली कापडे मामींनी पेटीत ठेवली आहेत. दोघी बायका उशिराने येऊन आपली ओळखून घेऊन गेल्या. त्यांतील एक माफी मागून गेली, दुसरी काही बोलली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेले होते तेव्हा मामा म्हणाले, "बाळ, तू एवढं शिकतेस, तर ते कॅलेंडर मला वाचून दाखव. मी काय काय केलं ते." घरात सर्वांनी ठरवले होते की, त्या दिवसांविषयी त्यांना काही सांगायचे नाही. मी मामींकडे पाहिले. त्यांनी पदराला हात पुसले आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिले. मी एकेक तारीख वाचत गेले आणि मला व मामींना जे ठाऊक होते ते सांगत गेले. मामा खाली मान घालून ऐकत होते. मेच्या एका तारखेला त्यांनी मला थांबवले.

"त्या दिवशी वळीव आला होता का गं? पत्र्यावर फार आवाज होत होता."

मला ठाऊक नव्हते. मामी म्हणाल्या, "आला होता. तुम्ही दारात उभे होता."

"मग एवढं माझं आहे," मामा म्हणाले, आणि मला पुढची तारीख वाचायला सांगितली.