तंबाखूमुक्तीच्या कार्यात औषधनिर्मात्याचे स्थान

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही कामगारवस्तीची शहरे होत. जुन्या खोकल्याने त्रस्त झालेला कामगार रोज बुडवून डॉक्टरकडे जाण्याचे टाळतो. पाळी सुटल्यावर औषधाच्या दुकानात मात्र थांबतो. धूम्रपान सोडविण्याच्या कार्यात औषधनिर्मात्यास महत्त्व आहे ते यामुळेच. १९४८ च्या अधिनियमान्वये तो नोंदणीकृत असतो आणि २०१५ च्या विनियमांनी रुग्णास सल्ला देणे हे त्याच्या व्यवसायाचे अंग मानले आहे. केवळ बाटली हाती देऊन त्याचे कर्तव्य संपत नाही.

चौकशी मात्र विडी-सिगारेटपुरती नसावी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत. ज्वालाग्राही द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यात विडी पेटविता येत नाही. चुना लावून मळलेली चिमूट ओठाआड सहज बसते. विडी टाकून तंबाखू धरणे म्हणजे मुक्तता नव्हे. स्त्रियांकडे मिश्रीविषयी विचारणे नाजूक खरे, पण ते टाळू नये.

निकोटिनयुक्त गम कसा वापरावा हे सहसा कोणी सांगत नाही. साध्या गमप्रमाणे सतत चघळल्यास उचक्या व मळमळ सुरू होते आणि गिऱ्हाईक पुन्हा विडीकडे वळते. तो सावकाश चावावा, तोंडात चुरचुरू लागताच गाल व हिरडी यांमध्ये ठेवावा, चुरचुर ओसरल्यावर पुन्हा चावावा. असे सुमारे अर्धा तास. त्यापूर्वी १५ मिनिटे व चघळताना चहा-कॉफी घेऊ नये, अन्यथा निकोटिनचे शोषण घटते. गरोदर स्त्रिया व हृदयविकाराचे रुग्ण यांना प्रथम डॉक्टरकडे पाठवावे.

दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्याने धूम्रपान थांबविल्यास त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते व मात्रा कमी करण्याची गरज पडू शकते. डॉक्टरांना ही सूचना औषधनिर्मात्यानेच द्यावयास हवी. तोंडातील पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड उघडण्यास होणारी अडचण दिसल्यास मलम देऊन वेळ दवडू नये. रुग्णालयात तपासणीस पाठवावे.

१८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक पावतीवर शिक्क्याने उमटविता येईल. अंबरनाथ तालुक्यातील ज्या खेड्यांत औषधाचे दुकान नाही, तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्यास ग्रामसभेत निमंत्रित करण्याचे काम पंचायत सदस्यांनी अंगावर घ्यावे.