आधी पाकीट मोज, चिऊ

चिऊ, तुझी प्रश्नावली वाचली. मनापासून केली आहेस, पण अकरा पानं? ऐन रोवणीच्या दिवसांत तू भंडाऱ्याकडच्या गावात जाणार. चिखलातून घरी आलेल्या कोणत्या बाईला अकरा पानांची उत्तरं द्यायला त्राण उरेल? आधी ती निम्म्यावर आण.

एमपीएचच्या दुसऱ्या वर्षाला मीही अशीच गेले होते. गरोदर बायकांना विचारायचे, ‘लोहाच्या गोळ्या घेता का?’ सगळ्या म्हणायच्या, ‘घेतो ना.’ मी खूण करून पुढे. चौथ्या दिवशी गावच्या आशा स्वयंसेविकेनं, आशाताईंनी, मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, असं नका विचारू. पाकीट आणायला सांगा अन् रिकामी घरं मोजा.’ मोजली. महिनाभरात तीन-चार गोळ्या गेलेल्या! मग कुठे खरं बोलणं सुरू झालं. एकीला मळमळायचं, एकीची सासू काळी शी बघून घाबरलेली, एक चहाबरोबर गोळी घ्यायची. शी काळी होते ती गोळीमुळेच, त्यात भ्यायचं काही नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहानं लोह अंगी लागत नाही, म्हणून तो लांब ठेवायचा. इतकंच सांगायचं होतं गं, आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! पुढचे दोन आठवडे मी प्रबंध मिटून आशाताईंमागे दारोदार फिरले. माझ्या शिक्षणातले सगळ्यात मोलाचे दिवस ते.

परवा फोनवर म्हणालीस, ‘ताई, विद्यार्थ्याच्या हातून काय होणार?’ अगं, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तुझाच विषय, सार्वजनिक आरोग्य, शिकून १९७० मध्ये जामखेडला आले. डॉ. अभय आणि राणी बंगही जॉन्स हॉपकिन्सलाच शिकले नि गडचिरोलीला गेले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ही दुखणी काय नवी होती? पण बायका ती ज्या माणसापाशी बोलतील, असं माणूस गावात यावं लागलं.

म्हणून पहिले दोन दिवस वही काढूच नकोस. आशाताईंबरोबर फक्त हिंड. साधारण हजार लोकांमागे एक आशा असते. ती तुझ्या आधीपासून तिथे आहे, तू परतल्यावरही तीच असणार. तिला ‘माहिती देणारी’ समजू नकोस, तिच्याकडून शीक. प्रबंधात तिचे आभार मान, पण त्याआधी प्रश्नावली तिला दाखव. कुठला प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि एक, जे माझ्याकडून राहिलं. आकडे जमले, मी शहरात आले, प्रबंध लिहिला, पदवी मिळाली. पण त्या बायकांना त्यांचेच आकडे सांगायला मी परत गेले नाही. आजही ते सलतं. तू परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकल. अंगणवाडीत सगळ्यांना बसव आणि काय सापडलं ते त्यांच्या बोलीत सांग. गोळ्यांचं एक पाकीट हातात ठेव. आशाताईंना शेजारी बसव, आणि त्या बोलायला लागल्या की तू थांब.