कार्यप्रेरणा आणि कार्यक्षीणता

‘कंपू’ म्हटले की मराठी माणसास टोळके आठवते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कंपू वस्तीच्या नावात मात्र जुना अर्थ टिकून आहे. महादजी शिंदे यांच्या काळी कवायती पायदळाच्या पथकास कंपू म्हणत. त्यांचा सेनानी डी बॉयन याने शिपायांना पगार वेळेवर मिळावा म्हणून दुआबातील महसूल फौजेच्या खर्चाकडे लावून घेतला. जखमींच्या शुश्रूषेची व अपंगांच्या निर्वाहवेतनाची तरतूद केली. थकलेल्या पगारापायी फौजा बंड करीत, अशा त्या काळात हे कंपू १७९० मध्ये पाटण व मेडता येथे नेटाने लढले.

आज या वस्तीलगत जयारोग्य रुग्णालय आहे. भिंड, मुरैना, शिवपुरीकडील रुग्ण तेथे येतात. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयातील परिचारिका अथवा निवासी डॉक्टर सेवेच्या ओढीनेच कामास लागलेले असतात. ही ओढ असली की माणूस खचत नाही, असा समज आहे. तो अपुरा आहे. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये कार्यक्षीणतेचे वर्णन केले, ते तळमळीने राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहूनच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची तीन लक्षणे मांडली: शक्ती आटणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा वाटणे आणि कार्यक्षमता घटणे. संघटना तिला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाचा तो परिणाम मानते.

कामाची आवड व कामाबाबत थोडेफार स्वातंत्र्य यांतून आलेली प्रेरणा माणसास सावरते. केवळ धाकाने अथवा अपराधी भावनेने रेटलेले काम त्यास लवकर थकविते. परंतु आवडीलाही विश्रांती लागते. ‘नाही’ न म्हणणाऱ्या शिक्षकाकडेच जनगणना, निवडणूक व शाळेचे दप्तर येते, हा अनुभव गावोगावचा आहे. पुढे तोच शिक्षक मुलांवर खेकसू लागला की गावकरी त्यास आळशी ठरवितात.

केंद्र शासनाने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी सामान्यतः दिवसास सलग १२ तास व आठवड्यास ४८ तास कामाचे प्रमाण ठरविले. असे प्रमाण कागदावर राहू नये. कार्यालयप्रमुखांनी प्रेरणेवर व्याख्यान योजण्यापूर्वी हजेरीपट व रजेचे अर्ज चाळावेत. कोणाची रजा वारंवार नामंजूर झाली, रिक्त पदाचे काम कोणाकडे गेले, हे तेथे नोंदलेले असते. आणि बहुधा तेच एक नाव पुन्हा पुन्हा आढळते.