थेट उपांत्य फेरी: विश्रांती की अन्याय?

प्रश्न : इंडियन सुपर लीग (आयएसएल) फुटबॉलमध्ये २०२४-२५ पर्यंत पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरी मिळायची, प्लेऑफमधले बाकी चौघे जादा सामना खेळून दमायचे. हा अन्याय नव्हता का?

उत्तर : नव्हता. ही सवलत साखळीत महिनोन्‌महिने खेळून कमावलेली असायची. शिवाय ती दरवेळी फळलीच असंही नाही. २०२२-२३ मध्ये मुंबई सिटी आणि हैदराबाद आरामात बसून होते. दोघेही उपांत्य फेरीत पेनल्टींवर गारद झाले. फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात भिडले ते जादा सामना खेळून आलेले एटीके मोहन बागान आणि बेंगळुरू! लांबलेल्या सुट्टीत पाय ताजे होतात, पण सामन्याची लय हरवू शकते. पुढच्याच वर्षी मात्र पहिले दोघेच अंतिम फेरीत पोहोचले आणि मुंबईने कोलकात्यात ३-१ने चषक नेला. एकदोन हंगामांवरून नियम काढू नये.

माझा आक्षेप वेगळा आहे. कोणत्याही स्पर्धेत दोन्ही उपांत्य सामने वेगवेगळ्या दिवशी होतात, तेव्हा एका संघाला न कमावता एक दिवस जास्त मिळतो. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात अर्जेंटिनाचा उपांत्य सामना १३ डिसेंबरला, फ्रान्सचा १४ला झाला आणि अंतिम सामना १८ला. तो जादा दिवस गुणतक्त्याने नव्हे, प्रक्षेपणाच्या सोयीने दिलेला असतो.