पावसाळी हवा आणि सांधेदुखी

ऑक्टोबर महिन्यातील एखाद्या सकाळी बंगळुरूचे आभाळ झाकोळून येते. पावसाचा थेंबही पडलेला नसतो, पण घरातील आजी गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, "आज पाऊस येणार. गुडघे कालपासूनच सांगताहेत." असे उद्गार कोकणातही ऐकू येतात आणि घाटावरही. आयुर्वेदाने वर्षा ऋतू हा वाताच्या प्रकोपाचा काळ मानला आहे. 'संधिवात' हा शब्दही त्याच विचारातून आला आहे. हवामान आणि सांधे यांचा संबंध खरोखर किती आहे आणि दुखणे कमी करण्यासाठी काय करता येते, याचा विचार या पाठात केला आहे.

सांधा आणि त्याचे दुखणे

दोन हाडे जेथे जुळतात, त्या जागेला सांधा म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि सांध्याच्या आत वंगणासारखा द्रव असतो. वयोमानाने किंवा अतिभाराने कूर्चा झिजते, तेव्हा गुडघे दुखू लागतात. दुसऱ्या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर हल्ला करते. या विकारास ऱ्हुमॅटॉइड संधिवात असे म्हणतात.

अशी दुखणी थोड्याथोडक्या लोकांना नसतात. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. त्या वेळी शंभरातील सुमारे १८ प्रौढांना हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे दुखणे असल्याचे आढळले.

हवामानाचा वाटा किती?

पावसापूर्वी हवेचा दाब थोडा उतरतो. त्यामुळे सांध्याभोवतालचे मऊ भाग किंचित फुगत असावेत, असा एक तर्क आहे. थंडीत स्नायू आखडतात, हा तर नेहमीचाच अनुभव आहे. ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २५०० हून अधिक रुग्णांकडून मोबाइल फोनवर रोजच्या वेदनेची नोंद घेतली. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवशी वेदना काहीशी वाढते, असे त्यांत दिसले; परंतु ही वाढ माफक होती. याउलट, अमेरिकेतील वृद्धांनी डॉक्टरांना दिलेल्या एक कोटीहून अधिक भेटींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पावसाच्या दिवशी सांधेदुखीचे रुग्ण वाढत नाहीत, असे त्यात आढळले.

बंगळुरूचे उदाहरणही विचार करण्याजोगे आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी असतो. नेहमीच्या पावसाळी दिवशी दाबात होणारा फरक याच्या तुलनेत अगदी क्षुल्लक असतो. दाब हेच दुखण्याचे प्रमुख कारण असते, तर मुंबईहून बंगळुरूला येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे गुडघे स्थानकावर उतरताच धरले असते. तसे घडत नाही. शिवाय, आभाळ आणि गुडघा यांची गाठ पडलेला दिवस नेमका लक्षात राहतो. न पडलेला दिवस विसरला जातो.

खरा शत्रू: बैठेपणा

तरीही पावसाळ्यात दुखणे वाढते, हा अनेकांचा अनुभव खोटा नाही. त्याचे एक मोठे कारण आभाळात नसून घरात आहे. बंगळुरूत जूनपासून नैऋत्य मोसमी पाऊस येतो आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. या दिवसांत लालबागेत किंवा कब्बन पार्कमध्ये रोज सकाळी फिरणारी माणसे घरी बसतात. चालणे थांबले की मांडीचे स्नायू दुर्बल होतात, वजन वाढते आणि गुडघ्यावरील भारही वाढतो. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने हलका होतो. यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येईल.

दुखणे हलके करण्याचे उपाय

पाऊस असला, तरी घरातल्या घरात किंवा व्हरांड्यात थोडे थोडे चालावे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा आणि मग सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. थंडीत गुडघे उबदार कपड्याने झाकावेत. सांधा आखडला असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे; सुजून गरम झाला असेल, तर थंड शेक द्यावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी शेकताना विशेष काळजी घ्यावी, कारण भाजलेले त्यांना कळत नाही. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत. त्यांनी जठराला आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडलेले राहणे, बोटांचे सांधे सुजणे, सांधा लाल व गरम होणे किंवा सोबत ताप येणे, ही लक्षणे 'हवेमुळे आहे' असे म्हणून अंगावर काढू नयेत. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावर लवकर उपचार सुरू झाले, तर सांधे वाकडे होण्याचे टाळता येते. पावसानंतर चिकुनगुन्याचाही विचार करावा लागतो. २००६ साली भारतात या रोगाचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक कर्नाटकातील होते. साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे हा रोग पसरतो आणि त्याची सांधेदुखी काही महिने टिकू शकते. म्हणून कुंड्या, टायर आणि उघडी पिंपे यांत पाणी साठू न देणे, हाही सांधेदुखीवरचा एक उपायच होय.

आभाळ कोणाच्या स्वाधीन नाही. पाऊल मात्र ज्याच्या त्याच्या स्वाधीन आहे. आभाळ भरून आले, म्हणून ते थांबवू नये.

शब्दार्थ

झाकोळणे – ढगांनी अंधारून येणे
कूर्चा – हाडांच्या टोकांवरील मऊ, गुळगुळीत भाग
माफक – बेताचे
अंगावर काढणे – उपचार न करता आजार सहन करणे

स्वाध्याय

१. केवळ हवेच्या दाबामुळे सांधे दुखतात, असे का म्हणता येत नाही?
२. पावसाळ्यात दुखणे वाढण्याचे कोणते मोठे कारण पाठात सांगितले आहे?
३. गरम शेक आणि थंड शेक केव्हा द्यावा, ते लिहा.
४. तुमच्या घरातील सांधे दुखणाऱ्या व्यक्तीच्या वेदनेची आणि त्या दिवशीच्या हवेची नोंद एक महिना ठेवा. काय आढळले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.