जंगलवाट आणि मोटोक्रॉस ट्रॅक : दोन्हींसाठी एकच बाइक घ्यायची असेल तर?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘धंद्याचं पहिलं मशीन कसं निवडायचं’ हा विषय घेतला. त्यात देवळ्याच्या एका तरुणाचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं. आकडे दाखवायला वेळच उरला नाही. म्हणून इथे ते सविस्तर देतोय. तुमचा धंदा बाइकचा नसला तरी शेवटपर्यंत वाचा. पिठाची गिरणी, ओव्हन, पिकअप, काहीही घ्यायचं असलं तरी हिशेब हाच लागतो.

देवळ्याजवळ या मुलाच्या घरची दोन एकर मुरमाड जमीन पडून आहे. पाणी नाही, त्यामुळे पीक नाही. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. तिथे छोटा मोटोक्रॉस ट्रॅक करायचा आणि नाशिक, मालेगाव, सटाण्याच्या पोरांना डर्ट बाइक चालवायला शिकवायचं. रविवारी ज्यांच्याकडे स्वतःच्या गाड्या आहेत त्यांना गिरणेच्या काठाने, माळावरून ट्रेल राइडला न्यायचं. कल्पना वाईट नाही. नाशिकला मोटरस्पोर्ट नवीन नाही. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ इथल्याच कच्च्या रस्त्यांवर झालेली आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हापासून कसमादेतल्या पोरांच्या मोबाइलवरही जंपचे व्हिडिओ फिरायला लागले.

भांडवल चार लाख. वडिलांनी उन्हाळ कांद्याच्या पैशातून बाजूला काढून दिलेलं. आणि या पठ्ठ्याने एक सेकंडहँड इम्पोर्टेड २५० सीसी मोटोक्रॉस बाइक साडेतीन लाखांना ठरवून दहा हजार टोकनसुद्धा देऊन टाकलं होतं. मग मला फोन. “सर, ही गाडी ट्रेललाही चालेल ना?”

आधी टोकन आणि मग प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच होतं.

दोन कामं, दोन स्वभाव

मोटोक्रॉस ट्रॅक म्हणजे ठरलेला, बंदिस्त मार्ग. उंच जंप, जोरात लँडिंग, तीव्र वळणं. शर्यत साधारण अर्ध्या तासात संपते. म्हणून मोटोक्रॉसची गाडी हलकी असते, साधारण ११० किलोच्या आसपास. शॉकअप कडक आणि जवळजवळ ३०० मिलिमीटर खेळणारे. गिअर एकमेकांच्या जवळचे. मागचं चाक बहुधा १९ इंची. हेडलाइट नाही, साइड स्टँड नाही, टाकी लहान. इंजिन ताकद एकदम फेकतं.

ट्रेलवर उलटं असतं. वेग कमी, वेळ जास्त. दगडगोटे, नाले, बाभळीचे काटे, पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी माती. तिथे शॉकअप मऊ लागतात, कारण कडक शॉकअप प्रत्येक गोट्यावर हात झिणझिणवतात. पहिला गिअर हळू चालणारा हवा, वरचा गिअर रस्त्यावर पळणारा हवा. मागचं चाक १८ इंची बरं पडतं. टायरची भिंत उंच राहते, दगडावर आपटून ट्यूब चिमटण्याचा धोका कमी होतो. आणि एप्रिलच्या उन्हात हळू चालताना रेडिएटरला पंखा नसेल तर पाणी उकळायला वेळ लागत नाही. बऱ्याच मोटोक्रॉस गाड्यांना हा पंखा नसतोच.

म्हणून त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: मोटोक्रॉस गाडी ट्रेलवर चालते, पण स्वार दमतो आणि गाडी तापते. ट्रेलची गाडी ट्रॅकवर चालते, पण मोठ्या जंपवरून उतरताना शॉकअप तळाला आपटतात. दोन्हींत शंभर टक्के बसणारी गाडी नाही. परदेशात ‘क्रॉस-कंट्री’ नावाची मधली जात मिळते: मोटोक्रॉसचा सांगाडा, १८ इंची मागचं चाक, थोडे मऊ शॉकअप, मोठी टाकी. आपल्याकडे ती गाडी आणणं आणि तिचे पार्ट मिळवणं, दोन्ही महाग.

आपल्या बाजारात मधलं काय आहे?

तीन नावं समजून घ्या. किमती बदलतात, त्यामुळे कोटेशन शोरूममधूनच घ्या.

हिरो एक्सपल्स २००: पुढे २१, मागे १८ इंची चाक. शॉकअपचा खेळ पुढे १९०, मागे १७० मिलिमीटर. वजन १६० किलोच्या आसपास. ट्रॅकसाठी जड, पण पार्ट आणि मिस्त्री तालुक्याला मिळतो. याच गाडीचा ‘प्रो’ प्रकार आला होता. त्यात खेळ २५० आणि २२० मिलिमीटर, पण सीटची उंची ८९१ मिलिमीटर. साडेपाच फुटी माणसाचे पाय टेकायची पंचाईत. २०२५ मध्ये आलेल्या एक्सपल्स २१० ला लिक्विड कूलिंग आहे आणि खेळ २१० व २०५ मिलिमीटर.

कावासाकी केएलएक्स २३०: १३९ किलो, एअर कूल्ड, सीट ८८० मिलिमीटर. हलकी आणि खरी ऑफ-रोड स्वभावाची. पण देवळ्याहून सर्व्हिसला किती लांब जावं लागेल, हे आधी विचारा.

केटीएम ३९० एंड्युरो आर: ताकद भरपूर, पण वजन १७५ किलोच्या पुढे. नवशिक्याच्या हातात द्यायची गाडी नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. धंद्यासाठी गाडी घेताना ही ३५० ची रेघ लक्षात ठेवा.

गाडी बघण्याआधी कागद बघा

मोटोक्रॉसच्या गाडीचं आरटीओ पासिंग होत नाही. म्हणजे ती फक्त खासगी ट्रॅकवर. शेतातून निघून शंभर मीटर पाणंद रस्त्यावर आलात तरी तो सार्वजनिक रस्ता. तिथे नोंदणी आणि विमा लागतोच. मग रविवारच्या ट्रेलला हा मुलगा पुढे राहून वाट दाखवणार कसा? त्याच्या निम्म्या धंद्याचं दार इथेच बंद होत होतं.

दुसरी गोष्ट. ट्रेल म्हणजे कुठलंही जंगल नव्हे. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. वाट आधी नकाशावर आखा, वनखात्याची हद्द तपासा, ज्यांच्या बांधावरून जायचं त्यांना विचारा. कापणीच्या दिवसांत कुणाच्या कांद्याच्या वाफ्यातून एक चाक गेलं, तर पुढच्या रविवारी वाट बंद झालीच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट. रस्त्यावर चालवायला ग्राहकाला बाइक भाड्याने द्यायची असेल, तर १९९७ ची ‘रेंट अ मोटर सायकल’ योजना लागू होते, आणि तिच्यात किमान पाच गाड्यांची अट आहे. एका गाडीवर तो धंदा बसत नाही. म्हणून आम्ही पद्धत अशी ठरवली: आपली गाडी शिकवायला, आपल्या ट्रॅकवर. ट्रेलला ग्राहक स्वतःची गाडी आणतील, आपण आपल्या गाडीवर पुढे. साहसी पर्यटनाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ती चौकशी करा. शेतजमिनीच्या व्यावसायिक वापराबद्दल तहसील कार्यालयात विचारा. विमा एजंटला स्पष्ट सांगा की गाडी धंद्याला वापरणार आहे. साध्या खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर आणि शर्यत धरलेली नसते.

आणि इम्पोर्टेड सेकंडहँड गाडी असेल तर मूळ बिल आणि कस्टमचे कागद मागा. “कागद नंतर देतो” म्हणाला की तिथून निघा.

आता तासाचा हिशेब

इथे वही-पेन घ्या. खालचे आकडे मी गृहीत धरलेत. तुम्ही तुमचे टाका. रीत महत्त्वाची.

पर्याय पहिला, पासिंग असलेली २०० सीसीची गाडी. टायर, हँडगार्ड, इंजिनखालची संरक्षक पट्टी धरून खर्च २,००,०००. तीन वर्षांनी विकून ८०,००० आले. म्हणजे घट १,२०,०००. आठवड्याला ८ तास (५ तास ट्रॅकवर, ३ तास ट्रेलवर), वर्षाला ४० आठवडे, तीन वर्षांत ९६० तास. घट तासाला १२५ रुपये. पेट्रोल, ऑइल, टायर, चेन, मोडलेले लिव्हर मिळून १७५ धरा. एकूण तासाला ३००.

पर्याय दुसरा, ती साडेतीन लाखांची गाडी. तीन वर्षांनी दीड लाख आले तर घट २,००,०००. ट्रेलला जात नाही आणि नवशिक्याला देता येत नाही, त्यामुळे आठवड्याला ३ तास धरा. तीन वर्षांत ३६० तास. घट तासाला साधारण ५५५. शर्यतीच्या इंजिनाला ऑइल काही तासांनी बदलावं लागतं, पिस्टनसुद्धा किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात. चालवण्याचा खर्च ५०० धरा. एकूण तासाला १,०५५.

आता ग्राहक तासाला ८०० देणार असेल तर? पहिल्या गाडीवर ५०० उरतात, ज्यातून हेल्मेट-बूट, ट्रॅकची डागडुजी आणि तुमची मेहनत निघायची. दुसऱ्या गाडीवर प्रत्येक ग्राहकामागे २५५ खिशातून जातात.  आणि भारी गाडी घेतली म्हणून गावात नाव मात्र झालेलं असतं.

म्हणून माझा नियम: मशीन किती पळतं हे नंतर बघा, आठवड्याला किती तास कमावतं हे आधी बघा.

गाडी जुळत नसेल तर ट्रॅक जुळवा

इथे त्याने बरोबर शंका काढली. “सर, पण एक्सपल्सवर जंप कशी मारायची? शॉकअप बसेल ना.”

बसेल, मोठ्या जंपवर. पण ट्रॅक कोण बांधणार आहे? तूच ना? मग गाडीला झेपेल असा बांध. ‘डबल’ जंप म्हणजे दोन उंचवटे आणि मध्ये खड्डा. कमी पडलात तर थेट खड्ड्यात. ‘टेबलटॉप’ म्हणजे दोन्हींच्या मधली जागा भरून सपाट केलेली. कमी पडलात तरी सपाटीवर उतरता. नवशिक्यांसाठी बुटके टेबलटॉप, लांब उतार, मातीचे वळणबांध पुरे. मुरूम घरचाच आहे, जेसीबीचे काही तास लागतील. ज्याला पुढे खरी शर्यत खेळायची आहे, तो लायसन्स काढून मोठ्या ट्रॅकवर जाईल. राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय बनावटीच्या गाड्यांसाठी वेगळे वर्ग असतात, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही.

गाडी घेतल्यावर पहिले पैसे कुठे?

सायलेन्सरवर नाही! क्रम असा ठेवा.

१. अंगावरचं सामान. हेल्मेट, गॉगल, बूट, गुडघे-कोपराचे गार्ड, छातीचं कवच. दोन मापांचे दोन संच. यात कंजुषी नको. इथे पोरांची हाडं पणाला लागलेली असतात.

२. टायर आणि जाड ट्यूब. बाभळीचा काटा ब्रँड बघत नाही. हवेचा दाब ट्रेलला कमी आणि घरी परतताना डांबरी रस्त्याला पूर्ववत, म्हणून हातपंप सोबत हवाच.

३. सॅग मोजणं. याला फक्त टेप लागते. गाडी उचलून मागचं चाक अधांतरी करा. चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग स्वाराला पूर्ण सामानासह बसवून तेच माप घ्या. दोन्हींतला फरक शॉकअपच्या एकूण खेळाच्या साधारण एक तृतीयांश असावा. १७० मिलिमीटर खेळ असेल तर ५५ च्या आसपास. जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा, कमी बसत असेल तर कमी करा. ट्रॅक आणि ट्रेलसाठी प्रीलोडच्या दोन खुणा वहीत लिहून ठेवा. एका गाडीकडून दोन कामं करून घेण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

४. एअर फिल्टर. आपल्याकडच्या धुळीत प्रत्येक राइडनंतर उघडून बघा. धूळ इंजिनात गेली की वरचा तासाचा हिशेब कोलमडला.

टोकनचं काय झालं?

दहा हजार परत मिळाले नाहीत. दोन दिवस तो मुलगा अडून बसला होता. “सर, दहा हजार बुडतात हो.” मी म्हटलं, ते बुडालेत, गाडी घेतलीस तरी आणि नाही घेतलीस तरी. आता प्रश्न उरलेल्या तीन लाख नव्वद हजारांचा आहे. वडिलांना तोंड कसं दाखवू, हीच खरी अडचण होती. मी सांगितलं, वही घेऊन बस आणि वडिलांनाच तासाचा हिशेब दाखव. ज्या माणसाने आयुष्यभर क्विंटलमागे खर्च काढला, त्याला हे पाच मिनिटांत कळेल.

कळलं. वडील एवढंच म्हणाले, “बैलजोडी घेतानासुद्धा आधी नांगर बघतात.” आता गाडी पासिंगवाली येईल, सामानाचे दोन संच येतील, आणि उरलेले पैसे पहिल्या सहा महिन्यांसाठी बँकेत राहतील. धंदा चालेल का? मी खात्री देत नाही. पण नाही चालला तरी ही गाडी देवळ्यातच विकली जाईल. ती दुसरी गाडी शेडमध्ये उभी राहिली असती.

तुमचा गृहपाठ

तुम्ही घ्यायच्या मशीनचं नाव लिहा. खाली चार ओळी: आठवड्याला खरे किती तास चालेल? तीन वर्षांतली घट तासाला किती पडते? तासाला चालवण्याचा खर्च किती? ग्राहक तासाला किती देईल? शेवटचा आकडा मधल्या दोघांच्या बेरजेपेक्षा ठळक मोठा येईपर्यंत खिशातून टोकन काढू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरा!