पंचा, टॉवेल आणि तुवालो

निबंधात 'आईने तुवालो वाळत घातला' असे वाक्य आले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि वर 'टॉवेल' असे लिहिले जाते. मराठीच्या पेपरात टॉवेल लिहावे हे आम्हालाही मान्य आहे. पण घरी कोकणीत येणारा तुवालो म्हणजे टॉवेलचा बिघडलेला उच्चार, असे काही पालकही मुलांना सांगतात, ते मात्र खरे नाही.

गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज अंमल होता. पोर्तुगीज भाषेत अंग पुसायच्या कापडाला 'तुआल्य' म्हणतात. तुवालो आला तो त्यावरून. हिंदीतला तौलिया, मल्याळममधली तुवाल, श्रीलंकेतल्या सिंहली भाषेतला तुवाय हीसुद्धा त्याचीच भावंडे. टॉवेल मात्र इंग्रजांकडून आला. गंमत अशी की 'तुआल्य' आणि 'टॉवेल' यांचे मूळ एकच, 'धुणे' या अर्थाचा एक जुना जर्मानिक शब्द. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे पोचला. म्हणजे तुवालो हा टॉवेलचा मुलगा नव्हे, चुलतभाऊ!

वाट ओळखायची एक खूण आहे. पोर्तुगीजांचा उच्चार दाताला जीभ लावून 'त' असा होतो. इंग्रजांचा आपल्या कानाला 'ट' वाटतो. म्हणून तुरुंग, मिस्त्री, इस्पितळ हे पोर्तुगीजांकडचे शब्द 'त' घेऊन आले आणि टेबल, टिकीट, स्टेशन हे इंग्रजीतले 'ट' घेऊन. बटाटा मात्र पोर्तुगीजांचा असूनही दोनदा 'ट' म्हणतो. नियम शोधणाऱ्या मुलांनी हा अपवाद वहीत आधी लिहून ठेवावा.

मग आपला जुना शब्द कोणता? अंगपुसणे आहे, आणि पंचा तर आहेच. पंचा हा 'पंच' म्हणजे पाच यावरून आला, पाच हात लांबीचे वस्त्र म्हणून, असे सांगतात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप, साधारण दीड फूट. म्हणजे पंचा साडेसात फुटांचा झाला. तेवढा लांब कशाला? कारण तो नुसता पुसायला नव्हता, नेसायलाही होता. आंघोळ करून तोच गुंडाळायचा, पिळून दोरीवर टाकायचा. विणकर साधी, पातळ, म्हणून पावसाळ्यातही तो लवकर वाळतो. सोलापूरच्या टर्किश टॉवेलला उभ्या धाग्यांचे बारीक फासे असतात. ते पाणी जास्त शोषतात, पण वाळायला वेळ लावतात. जुलैत आमचे मत पंच्याला.